फँटसी फुटबॉल: खेळ कळत नाही आणि संघ घेऊन बसले आहे

गवती चहा | ३ सप्टेंबर २०२४

नमस्कार मंडळी. व्हर्जिनियात येऊन नऊ वर्षं झाली. सप्टेंबर ते जानेवारी दर सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी जी चर्चा रंगते, तिच्यात मी नऊ वर्षं फक्त मान डोलावत आलेय. यंदा आमच्या टीममधला एक जण दुसऱ्या शहरात गेला, त्यांच्या फँटसी लीगमधली दहावी जागा रिकामी झाली, आणि "तू घेतेस का?" म्हटल्यावर माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. वीस डॉलर वर्गणीही भरून झाली.

शुक्रवारी ड्राफ्ट होता. म्हणजे खऱ्या एनएफएलमधले (इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमधले) खेळाडू आपण दहा जणांनी आळीपाळीने वाटून घ्यायचे. ते खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला, आणि दर आठवड्याला दोघादोघांत गुणांची लढत. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर माझा पहिला नंबर. सगळे हळहळले. मी यादीत सगळ्यात वर जे नाव होतं ते घेतलं: ख्रिश्चन मॅकॅफ्री. गेल्या मोसमात धावून सर्वाधिक यार्ड काढणारा हाच, असं नंतर कळलं. मग फेरी उलटी फिरते, त्यामुळे माझी पुढची पाळी थेट विसावी. मधली अठरा नावं जाईपर्यंत मी वेफर्स खात बसले होते.

विसावा घेतला डेरिक हेन्री. कारण सांगते, हसू नका. फोटो. सहा फूट दोन इंच, वजन ११२ किलोच्या आसपास. आमच्या आजोळच्या तालमीतला वाटला. टेबलावर दोघंतिघं हसले, "तिशीतला आहे तो, संपला आता." पुढे कधीतरी क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकणारा) म्हणून वॉशिंग्टनचा नवखा जेडन डॅनियल्स घेतला, कारण आमच्याकडे टीव्हीवर वॉशिंग्टनचेच सामने लागतात. आणि बचावफळी आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी निवडली. डेन्व्हर, कारण त्यांच्या चिन्हात घोडा आहे.

परवा मोसम सुरू होतोय. मला अजून "डाउन" म्हणजे काय तेही कळलेलं नाही. इथे कुणी खेळतं का?

भटकभवानी | ३ सप्टेंबर २०२४

शीर्षक वाचून सालाह, हालांड वगैरे वाचायला आले होते. हे तर अंडं बगलेत घेऊन पळणाऱ्यांचं निघालं. :)

आम्ही प्रीमियर लीगवाले. आमच्याकडे प्रत्येकाला काल्पनिक दहा कोटी पौंड मिळतात, त्यात पंधरा खेळाडू घ्यायचे. पण एकच सालाह मी, माझा नवरा आणि त्याचा बॉस तिघांकडे असू शकतो. तुमच्याकडे एकदा गेला की गेला, हे भारी आहे. भांडणं होत असतील ना?

खोचक पुणेकर | ३ सप्टेंबर २०२४

ज्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातात असतो त्याला फुटबॉल म्हणणाऱ्यांचं काय कौतुक करावं. आणि वीस डॉलर लावून खेळायचं म्हणजे जुगारच की. चालू द्या.

नदीकाठ सांगली | ४ सप्टेंबर २०२४

पुणेकर, हलकेच घ्या हो, पण आधी ताईंना उत्तर देऊ.

मी पुतण्याकडे न्यू जर्सीला दोन महिने होतो तेव्हा हा खेळ बघायला शिकलो. फुटबॉल म्हणून बघितलात तर काही कळणार नाही. कबड्डी म्हणून बघा. एक डाउन म्हणजे एक चढाई. चढाई झाली, माणूस पकडला, शिट्टी. सगळे परत आपापल्या जागी. आक्रमण करणाऱ्यांना चार चढाया मिळतात आणि त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की नव्या चार चढाया. नाही सरकले तर चेंडू समोरच्याला. चौथी चढाई बहुतेक वेळा खेळतच नाहीत, लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. त्या एका लाथेपुरतं नाव फुटबॉल.

मधल्या थांब्यांचा कंटाळा करू नका. आपण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये क्षेत्ररचना बघतोच की. इथे तेच बघायचं असतं.

साडेतीन शहाणा | ४ सप्टेंबर २०२४

कबड्डीची उपमा उचलली आहे, काका, सांगून ठेवतो.

गवती चहा, मी इकडे कॅलिफोर्नियात, बे एरियात चौदा वर्षं खेळतोय. दोनदा जिंकलोय, तीनदा शेवटचा आलोय. खेळ कळायला वर्ष लागेल, पण फँटसीला तेवढं लागत नाही. आधी हिशोब बघा. धावून किंवा पास झेलून दहा यार्ड काढले की एक गुण. टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला की, सहा. क्वार्टरबॅकने फेकलेल्या पासवर मात्र पंचवीस यार्डांना एक आणि टचडाउनला चारच. तुमची लीग 'पीपीआर' असेल तर प्रत्येक झेललेल्या पासला वर एक. चेंडू गमावला की वजा दोन. बहुतेक लीगमध्ये साधारण हेच असतं, तुमच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या.

क्वार्टरबॅक सगळ्यात जास्त गुण काढतो, तरी लोक त्याला उशिरा घेतात, याचं नवख्यांना नवल वाटतं. क्वार्टरबॅक म्हणजे कांदा. लागतो सगळ्यांना, पण बाजारात ढीग असतो. संघ ३२, तुम्ही दहा जण, प्रत्येकाला दर आठवड्याला लागणार एक. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, हा फेब्रुवारीतला हापूस. भरवशाचे मोजून बारा-पंधरा आणि प्रत्येकाला दोन-तीन हवेत. तुम्ही न कळता बरोबर केलंय. त्यात डॅनियल्स स्वतः पळतो, आणि पळण्याचे गुण पूर्ण मिळतात. पळणारा क्वार्टरबॅक म्हणजे कांद्याच्या भावात हापूस.

दोन गोष्टी मात्र पाळा. सामन्याच्या दीड तास आधी कोण खेळणार नाही त्याची यादी येते. ती न बघता झोपायचं नाही. आणि खेळाडूच्या नावापुढे 'बाय'चा रकाना असतो. प्रत्येक संघाला पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात कधीतरी एक सुट्टी असते, त्या आठवड्यात त्याचे गुण शून्य. तुमचे तीन-चार जण एकाच आठवड्यात सुट्टीवर नाहीत ना, ते आजच बघा.

मॅकॅफ्रीच्या पोटरीबद्दल बातम्या येताहेत. त्याचा बदली जॉर्डन मेसन मोकळा असेल तर घेऊन ठेवा.

मालवणी खाजा | ४ सप्टेंबर २०२४

आमच्याकडे बाय म्हणजे घरातली पोर. एवढं सोडून बाकी सगळं डोक्यावरून गेलं. वाचतोय.

गवती चहा | १० सप्टेंबर २०२४

शहाणे, तुमचं का नाही ऐकलं मी!

शनिवारी आमचा गणपती बसला. गुरुवारच्या पहिल्याच सामन्यात हेन्रीने टचडाउन केला, रविवारी डॅनियल्सने पळून दोन केले. मी आरतीच्या मध्ये मोबाइल बघत होते, सासूबाईंनी बघितलं ते वेगळंच. एवढे गुण जमले की सोमवारी रात्री मॅकॅफ्रीने नुसतं मैदानात उभं राहिलं तरी चाललं असतं.

काल संध्याकाळी मी गौरीची तयारी म्हणून इंडियन ग्रोसरीत. केळीची पानं फ्रीझरमध्ये तळाला गेलेली, अर्धी मी आत. मोबाइल दोनदा वाजला, म्हटलं नवऱ्याचा असेल, खसखस आठवण करत असेल. बिल देताना बघितलं तर मॅकॅफ्री खेळणार नाही. तिथल्या तिथे, एका हातात झेंडूची पिशवी धरून, जॉर्डन मेसन शोधला. चार मिनिटांपूर्वी आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी उचलला होता. मेसन १४७ यार्ड पळाला आणि वर टचडाउन. मी साडेतीन गुणांनी हरले, आणि हरले त्याच बाईंकडून.

आज कॉफीपाशी मी पहिल्यांदा मान न डोलावता बोलले. तक्रारच केली, पण दहा मिनिटं बोलले.

भटकभवानी | १० सप्टेंबर २०२४

अरेरे. पण "हातात झेंडूची पिशवी" :D :D

साडेतीन शहाणा | १० सप्टेंबर २०२४

वाईट वाटून घेऊ नका. या देशात पहिली निवड ज्याची ज्याची होती, त्यातले बहुतेक जण तुमच्यासारखेच बसलेत. गेल्या वर्षी अ‍ॅरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे आला आणि पहिल्याच सामन्यात चौथ्या खेळीला टाच धरून बसला, मोसम संपला. हा खेळच हाडं मोडणारा आहे. म्हणून राखीव बाक.

तुमच्या लीगमध्ये जखमींसाठी वेगळी जागा असेल. मॅकॅफ्री अधिकृत जखमी यादीत गेला की त्याला तिथे सरकवा, बाकावर एक जागा मोकळी होईल. विकून टाकू नका.

खोचक पुणेकर | ११ सप्टेंबर २०२४

माझ्या जुगाराच्या मुद्द्याला सोयीस्कर बगल दिलेली दिसते.

साडेतीन शहाणा | ११ सप्टेंबर २०२४

बगल नाही. अमेरिकेत २००६ साली ऑनलाइन जुगाराविरुद्ध केंद्राचा कायदा आला, त्यात फँटसी खेळांना काही अटींवर सूट दिली आहे. पण कायद्याचं राहू द्या. पैसे आहेत म्हणून माणूस डिसेंबरपर्यंत टिकतो, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात निम्मे जण संघ वाऱ्यावर सोडतात. वर्षाला वीस डॉलर म्हणजे आमच्या मंडळाच्या एका नाटकाचं तिकीटही येत नाही. तेच लोक दर आठवड्याला नवा संघ लावून रोजच्या रोज पैसे घालायला लागले की मग तुमच्याशी माझं भांडण नाही.

नदीकाठ सांगली | १२ सप्टेंबर २०२४

हे सुरू कधी झालं याचा शोध घेतला. १९६२ सालची गोष्ट. ओकलंड रेडर्स नावाच्या संघाचे एक भागीदार, बिल विंकेनबाख. संघ दौऱ्यावर, न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून यांनी आणि आणखी दोघाचौघांनी नियम लिहिले. पुढच्या वर्षी पहिला ड्राफ्ट झाला, आठ जणांचा. सगळं हाताने. सोमवारी पेपरात आकडे बघायचे आणि वहीत बेरीज करायची.

गंमत म्हणजे रेडर्स त्या मोसमात चौदापैकी एकच सामना जिंकले होते. आपला संघ हरत असताना वेळ घालवायला काहीतरी पाहिजेच.

गवती चहा | १४ ऑक्टोबर २०२४

बरेच दिवसांनी येतेय. तीन जिंकले, तीन हरले. मॅकॅफ्री जखमींच्या खोलीत, हेन्री मात्र सुसाट. हसणाऱ्या त्या दोघातिघांनी त्याच्या बदल्यात काय काय देऊ केलं! एकाने तर तीन खेळाडू. नाही दिला.

काल मात्र धर्मसंकट. बाल्टिमोर विरुद्ध वॉशिंग्टन. म्हणजे माझा हेन्री विरुद्ध माझाच डॅनियल्स. शेजाऱ्यांकडे सामना बघायला गेलो होतो, घरातली कुत्रीसुद्धा वॉशिंग्टनच्या स्वेटरमध्ये. हेन्रीने टचडाउन केला आणि मी टाळी वाजवली. एकटीने. शेजारीणबाई चिप्सचा वाडगा घेऊन आत निघून गेल्या. नंतर डॅनियल्सने टचडाउनचा पास टाकला तेव्हा मी जास्तच जोरात ओरडले, पण तोवर माझी पत गेली होती. हेन्री १३२ यार्ड, दोन टचडाउन. वॉशिंग्टन हरलं ३०-२३. मी जिंकले. कुणाला सांगू?

साडेतीन शहाणा | १४ ऑक्टोबर २०२४

आम्हाला सांगा.

या पापाची एक जुनी कथा आहे. डिसेंबर २००७, फिलाडेल्फियाचा ब्रायन वेस्टब्रुक डॅलसविरुद्ध चेंडू घेऊन सुटला. समोर कुणी नाही, टचडाउन उघडा. आणि हा गडी एक यार्ड अलीकडे चक्क गुडघा टेकून बसला. कारण डॅलसकडे घड्याळ थांबवायचे टाइमआउट उरले नव्हते. टचडाउन केला असता तर चेंडू परत डॅलसला मिळाला असता, खाली बसला म्हणून घड्याळ पळत राहिलं. फिलाडेल्फिया १०-६ ने जिंकलं. खेळ म्हणून याच्याइतकी शहाणी खेळी मी बघितलेली नाही. पण ज्यांनी त्याला आपल्या फँटसी संघात घेतलं होतं, त्यांचे सहा गुण त्या एका यार्डावर पडून राहिले. फँटसीचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, चालू होते हो!

मी तेव्हा नवीन होतो, शिकत होतो. तो का बसला हे समजायला मला दोन दिवस लागले. पण ते समजलं त्या दिवशी हा खेळ मला कळला.

नदीकाठ सांगली | १५ ऑक्टोबर २०२४

आमच्याकडे कबड्डीत शेवटच्या मिनिटाला आघाडी असली की चढाईवाला नुसती रेषा ओलांडून, वेळ काढून परत येतो. बोनसच्या मागे धावत नाही. तोच हा प्रकार. क्या बात है.

गवती चहा | २८ ऑक्टोबर २०२४

आज वसुबारस आणि माझा आवाज बसलाय.

डॅनियल्सच्या बरगड्यांना गेल्या आठवड्यात लागलं होतं. खेळणार की नाही, कुणालाच ठाऊक नाही. सामना काल ४:२५ ला. या वेळी मी २:५५ ला मोबाइल समोर ठेवून बसले होते, चकलीची भाजणी मळता मळता. यादी आली. नाव नव्हतं. म्हणजे खेळणार.

पण गुण काही जमेनात. सामना रडतखडत चालला, वॉशिंग्टन १२ वर अडकलं. शेवटच्या २५ सेकंदांत शिकागो १५-१२ ने पुढे गेलं. मी माझ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५.२ ने मागे. त्याचे सगळे खेळून झालेले, माझा हा एकच उरलेला. घड्याळात दोन सेकंद. म्हटलं, संपलं, कढईत चकल्या सोडल्या.

आणि त्या पोराने चेंडू घेतला, मागे पळाला, डावीकडे गेला, उजवीकडे आला, बारा-तेरा सेकंद नुसता अंगणात शिवाशिवी खेळल्यासारखा पळत होता, आणि मग दिला भिरकावून. गोलापाशी सगळ्यांचा गुच्छ. कुणाचा तरी हात लागून चेंडू मागे उडाला, आणि मागे नोहा ब्राउन एकटा उभा. हातात पडला. झालं! १८-१५. ज्याचा हात लागला तो शिकागोचा गडी खेळी सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांना चिडवत उभा होता म्हणे.

५२ यार्डांचे २.०८, टचडाउनचे चार. ६.०८. मी ०.८८ ने जिंकले.

नवऱ्याने येऊन गॅस बंद केला. एक घाणा कोळसा झाला, तो टाकून दिलेला नाही. फोटो काढून कॉफीपाशी दाखवणार आहे.

मालवणी खाजा | २८ ऑक्टोबर २०२४

आता मात्र कळायला लागलं. भाजणी कोणती?

भटकभवानी | २८ ऑक्टोबर २०२४

२.०८ वगैरे वाचून अंगावर काटा येईल असं वाटलं नव्हतं. दंडवत.

गवती चहा | ४ डिसेंबर २०२४

शोकसभा.

मॅकॅफ्री नोव्हेंबरात परत आला. दोन महिने मी त्याला सांभाळला होता. चार सामने खेळला, एकही टचडाउन नाही, आणि परवा रविवारी बफेलोच्या बर्फात गुडघा धरून बाहेर गेला. मोसम संपला.

ते मी सोसलं. प्लेऑफमध्ये चौघं जातात, मी चौथी. या आठवड्यात जिंकले की आत. काल संघ लावायला बसले तर हेन्रीपुढे 'बाय'. डॅनियल्सपुढे 'बाय'. घोडेवाल्या बचावफळीपुढेही 'बाय'. चौदावा आठवडा. सहा संघांना सुट्टी, त्यात माझे तिन्ही.

खोचक पुणेकर | ४ डिसेंबर २०२४

"तुमचे तीन-चार जण एकाच आठवड्यात सुट्टीवर नाहीत ना, ते आजच बघा." साडेतीन शहाणा, ४ सप्टेंबर, याच धाग्यावर.

(हो, वाचतोय मी पहिल्यापासून.)

साडेतीन शहाणा | ४ डिसेंबर २०२४

पुणेकर, जखमेवर मीठ नको.

ताई, रात्रीच्या वेव्हरमध्ये, म्हणजे मोकळे खेळाडू वाटतात तेव्हा, ज्याचा संघ तळाला त्याला पहिला हक्क असतो, म्हणजे तुमचा नंबर उशिरा. चांगली नावं मिळणार नाहीत. तरी क्वार्टरबॅक कुठलाही घ्या, फक्त समोरची बचावफळी दुबळी बघा. रनिंग बॅक ज्याचा मुख्य खेळाडू जखमी आहे असा शोधा. मेसनची गोष्ट विसरू नका.

गवती चहा | १० डिसेंबर २०२४

अकरा गुणांनी हरले. पाचवी आले. मला प्लेऑफमधून बाहेर ढकलून चौथी कोण गेली? अकाउंट्सच्या बाई. आता आम्ही रोज एकत्र जेवतो.

चिरंजीव मात्र जिंकलेत असं समजतात. त्यांच्या घोड्यांनी समोरच्या क्वार्टरबॅकना झोपवण्यात सगळ्या संघांना मागे टाकलंय.

गवती चहा | १९ जानेवारी २०२५

फँटसी तीन आठवड्यांपूर्वीच संपली. काल रात्री वॉशिंग्टन डेट्रॉइटला खेळत होतं, खरे प्लेऑफ. शेजारी गेलो. नवरा म्हणाला, तुला आता किती मिळतात? म्हटलं, काही नाही. आणि तरी चौथ्या डाउनला ते लाथ न मारता खेळायला उभे राहिले तेव्हा शेजारीणबाईंचा हात मी घट्ट धरला होता. ४५-३१. जिंकले. मला चिप्सचा वाडगा परत मिळाला.

खोचक पुणेकर | २४ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतोय. इकडे संसदेने याच आठवड्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. म्हणजे माझं म्हणणं सरकारला पटलं, एक वर्ष उशिरा.

तर मुद्दा असा: फुकटची लीग काढायची असेल तर इथून कोण कोण आहे? मी एक.

नदीकाठ सांगली | २४ ऑगस्ट २०२५

पुणेकर!! मी दोन. पुतण्या तीन.

भटकभवानी | २४ ऑगस्ट २०२५

मी आहे. नियम शिकवा, अंडंवाले.

साडेतीन शहाणा | २५ ऑगस्ट २०२५

ड्राफ्ट शनिवारी आमच्या सकाळी साडेआठला, म्हणजे भारतात रात्री नऊ. अजून पाच जण हवेत. चिठ्ठ्या सांगलीकर टाकतील, माझ्यावर कुणाचा विश्वास नाही.

गवती चहा | २५ ऑगस्ट २०२५

मी आहे. बुधवारी गणपती बसतोय, पण शनिवारी सकाळी मोकळी आहे. आणि सगळ्यांचे 'बाय' मी आत्ताच वहीत उतरवून ठेवलेत.

मालवणी खाजा | २५ ऑगस्ट २०२५

घोडेवाले कोणी घेऊ नका, ते माझे.